पोचा

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट कठड्याला लागलं. आवाज काही फार मोठा नव्हता, रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर कुणी मूठ मारावी तसा, ढप्प करून, आणि मग जिन्यात एकदम सगळे गप्प. मी वर तिसऱ्या मजल्यावर दारात यादी आणि पेन घेऊन उभी, वाकून खाली बघितलं तर कपाटाची खालची बाजू खांद्यावर घेतलेल्या पोराने वर बघितलं, नेमकं माझ्याचकडे. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. घाम डोळ्यात चाललेला आणि पुसायला हात मोकळा नाही म्हणून नुसता डोळे मिचकावत होता. त्यांचा सुपरवायझर तेव्हा खाली ट्रकपाशी फोनवर. मी यादीकडे पाहिलं. नग क्रमांक 14, स्टील कपाट, आणि पुढच्या रकान्यात इंग्रजी दोन अक्षरं, एस आणि डी. मी म्हणलं, "सावकाश या रे," आणि कपाट आत आल्यावर चौदा नंबरसमोर टिक करून टाकली.

ह्याला आता दोन महिने झाले. ती टिक करायला नको होती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आई-अण्णांना धुळ्याहून नाशिकला आणायचं हे चार वर्षं नुसतं बोलण्यात होतं. अण्णांचे गुडघे गेलेत, देवपुरातलं घर वरच्या मजल्यावर, आणि जिना तो जुन्या पद्धतीचा, उंच पायऱ्यांचा. आमच्याच सोसायटीत एक फ्लॅट भाड्याने मिळाला, लिफ्ट आहे, मग ठरलंच. आता सामान कसं आणायचं. मी रात्री साडेअकराला कुठल्याशा साइटवर नाव-नंबर टाकला, फक्त अंदाज काढायला हां, आणि सकाळी चहा होईपर्यंत सात फोन. त्यातल्या तिघांच्या कंपनीचं नाव जवळपास एकच, पुढे-मागे एखादा शब्द वेगळा, आणि तिघंही सांगतायत की ओरिजिनल आम्हीच. एकाने घर न बघताच साडेअकरा हजार सांगितले. दुसऱ्याने व्हिडिओ कॉलवर घर फिरून दाखवायला लावलं आणि 19,000 म्हणाला. तिसऱ्याने धुळ्यात माणूस घरी पाठवला, त्याने पलंगाखाली वाकून बघितलं, माळ्यावर चढून बघितलं, आणि 23,500 चं कोटेशन दिलं. मला अर्थात साडेअकरावाला आवडलेला. अण्णा फोनवर म्हणाले, "घर न पाहता भाव सांगतो ना, तो खरा भाव मग रस्त्यात सांगतो." ते जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागातून रिटायर झालेले, आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं तपासलेला माणूस, त्यांच्याशी पैशावरून वाद घालायचा नसतो.

खरं सांगायचं तर तोवर मला पॅकर्स-मूव्हर्स म्हणजे एक ट्रक आणि चार माणसं एवढंच वाटायचं. अण्णांनी त्या कोटेशनच्या मागची बारीक अक्षरातली कलमं भिंग घेऊन वाचली (खरंच भिंग घेऊन, आई म्हणाली दोन दुपारी झोपले नाहीत) आणि रोज संध्याकाळी फोन करून मला एकेक विचारायला लागले, आणि त्यांना उत्तर द्यायचं म्हणून मी त्या माणसाला विचारायला लागले. तर कळलं की ट्रक दोन प्रकारे मिळतो. एक तर अख्खा आपला, किंवा दुसऱ्या कुणाच्या सामानासोबत, ते स्वस्त पडतं पण मग सामान कधी पोचेल ते त्या दुसऱ्याच्या हातात, मधे गोडाऊनला उतरवून परत चढवतातही. पॅकिंगचा माल त्यांचा, पण एसी काढायला माणूस वेगळा आणि त्याचे पैसे वेगळे. गिझर काढणं यात नाही. पलंग खोलणं आणि तिकडे जोडणं यात आहे. "अनपॅकिंग" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ खोकी खोलीत आणून ठेवणार आणि पलंग उभा करणार, डबे फडताळात लावून देणार नाहीत. लिफ्ट नसेल किंवा वापरू देत नसतील तर मजल्यामागे जादा. 18 टक्के जीएसटी वेगळा, तोही कोटेशनच्या तळाला अगदी लहान अक्षरात. त्या साडेअकरावाल्याला हेच सगळं विचारलं तर तो आणखी ई-वे बिलाचे, म्हणजे माल रस्त्याने नेताना काढायच्या जीएसटीच्या कागदाचे, 500 म्हणाला, आणि अण्णा खूश, कारण वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही हे त्यांना पक्कं माहीत. "चोर सापडला," म्हणे.

इन्शुरन्सवर तर ते आठवडाभर अडले. सामानाची किंमत लिहून द्या, त्याच्या तीन टक्के ट्रान्झिट इन्शुरन्स, असं तेवीसवाल्याने सांगितलेलं. अण्णांनी विचारलं, पॉलिसी कुठल्या विमा कंपनीची, सर्टिफिकेट कुणाच्या नावाने येणार? तर तो म्हणे ते आमच्याकडूनच असतं काका. मग तो विमा नव्हे रे भाऊ, तो तुझा शब्द झाला, शब्दाचे तीन टक्के कशाला देऊ? मुद्दा बरोबर होता. विमा असेल तर विमा कंपनीचा कागद हवा, नाहीतर ते नुसतं "तुटलं तर बघू" असतं. त्यांनी 2007 चा तो रस्त्याने माल वाहून नेण्याचा कायदा कुणाकडून तरी प्रिंट काढून आणला आणि मला वाचून दाखवला, की मालाची किंमत आधी कागदावर लिहून दिलेली नसेल तर वाहतूकदाराच्या भरपाईला मर्यादा असते, आणि नुकसान झालं तर बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यायची, नाहीतर कोर्टाचा रस्ता बंद. शेवटी विमा घेतलाच नाही. आई म्हणाली, आपल्या सामानाची किंमत ती किती, तुम्ही लिहाल तरी काय. गॅसचं मात्र मलाच बघायला लागलं, सिलेंडरला हे लोक हात लावत नाहीत, दुसऱ्या गावाला जाताना एजन्सीत सिलेंडर-रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं आणि नव्या गावी ते दाखवायचं.

तर पॅकिंगचा दिवस. मी आदल्या रात्रीच धुळ्याला गेले. सकाळी आठला पाच जण आले, सुपरवायझर, एक सुतारकाम करणारा आणि तीन पोरं. सुपरवायझरने हातात पॅड घेतलं आणि घरभर फिरून एकेक वस्तू बोलत लिहायला लागला. टीव्ही, एस. टेबल, एस, डी. फ्रीज, डी. शोकेस, एस, काच ओके. आई त्याच्या मागे मागे. स्वयंपाकघरात पोचेपर्यंत तिने दम धरला, मग मला बाजूला घेऊन विचारलं की हा प्रत्येकापुढे काय लिहितोय. मी विचारलं तर तो अगदी सरळपणे म्हणाला, एस म्हणजे स्क्रॅच, डी म्हणजे डेंट, आधीचं डॅमेज लिहून ठेवायला लागतं मॅडम, नंतर पार्टी आमच्यावर टाकते. आईला हे मी सांगितलं. ती कपाटाला टेकून उभी होती. "डेंट म्हने! मानूसना आंगवर कितला डेंट शेतस, ते बी लिखी ले." पोरं हसली. सुपरवायझरला अहिराणी कळत नसावी, तो पुढच्या खोलीत गेला.

त्या कपाटाचा पोचा म्हणजे आमच्या घरात डेंट नव्हे, तो बापूंचा पोचा.

1 जुलै 1998 ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला आणि परिषदेतली माणसं वाटली गेली, त्यात अण्णांच्या वाट्याला नंदुरबार आलं. आम्ही तेव्हा गल्ली नंबर पाचमध्ये भाड्याने राहायचो. माझी शाळा बुडू नये म्हणून दिवाळीच्या सुट्टीत घर हलवलं. शेजारच्या बापूंची जिनिंगमध्ये ओळख, तिथला कापूस वाहणारा ट्रक त्यांनी डिझेलच्या पैशात मिळवला. पॅकिंग कसलं, बारदानं, सुतळी, आईच्या जुन्या साड्या आणि बापूंच्या शेतातला सरकीसकट कापूस. काचेचे ग्लास, बरण्या, शोकेसमधला तो काचेचा मोर, सगळं कापसात. सोनगीरच्या हंड्या-कळशीत ग्लास आणि वरून कापूस ठासून भरलेला. गल्लीतली सगळी बाप्यामाणसं चढवायला, बायकांनी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी करून दिलेली, कुणी कुणाला हमाली किती असं विचारलं नाही. ट्रकच्या फळ्यांना आधीच्या खेपेचा कापूस चिकटलेला होता, वाऱ्याने तो उडून माझ्या वेणीत बसला, मी आणि बापू मागे सामानावर बसलेलो, आई-अण्णा पुढे केबिनमधे. दोंडाईच्याच्या अलीकडे कुठेतरी खड्ड्यात ट्रक आदळला आणि कपाटाचा दोर तुटला. ते कलंडायला लागलं ते माझ्या बाजूने. बापूंनी पाठ लावली. पाठ त्यांनी लावली म्हणून ते माझ्यावर न येता फळीच्या लोखंडी कोपऱ्यावर गेलं, उजव्या दाराला खालच्या बाजूला ताटलीएवढा पोचा पडला, आणि बापूंचा खांदा पुढे कायम थंडीत धरायचा. नंदुरबारला पोचल्यावर काचेचं एकही भांडं फुटलेलं नव्हतं. पुढे वर्षभर साखरेच्या डब्यात नाहीतर कपात एखादी सरकी निघायची.

हे सगळं आठवलं की गळा भरून येतो, पण अण्णांना विचाराल तर ते वेगळं सांगतील. बापूंनी एक पैसा घेतला नाही हे खरं. पण नंतर बापूंच्या मुलाने टेम्पोसाठी कर्ज काढलं तेव्हा जामीन अण्णाच राहिले, नाही म्हणायची सोयच नव्हती, ज्याच्या बापाने आपली पोर वाचवली त्याला काय नाही म्हणणार? तो टेम्पो चालला नाही आणि बँकेच्या नोटिसा नंदुरबारला अण्णांच्या ऑफिसात यायला लागल्या. आईच्या दोन पाटल्या त्यात गेल्या. बापूंशी बोलणं तुटलं नाही, पण मधली काही वर्षं दोघंही एकमेकांकडे जायचे आणि पैशाचं सोडून सगळं बोलायचे, कापसाचा भाव, पांझरेचं पाणी, असंच. त्यामुळे तेवीस हजार पाचशे ऐकून मी जरा कुरकुरले तेव्हा अण्णा म्हणाले, "स्वस्त आहे. देऊन मोकळं होता येतं."

असो. तर पोरं कामाला लागली आणि मी बघत बसले, कारण बघण्यासारखंच होतं ते. एकाने खोकी उभी केली, तळाला टेप उभी-आडवी दोनदा मारली, खाली कागदाचे बोळे, मग ताटल्या आडव्या नाही तर उभ्या लावत गेला, गाडीच्या धक्क्याने उभी ताटली लवकर फुटत नाही म्हणे. पुस्तकं लहान खोक्यात आणि कपडे मोठ्यात, मी उलटं करायला निघाले होते, म्हणलं पुस्तकं सगळी एकाच मोठ्यात मावतील, तर तो म्हणाला मावतील ताई, पण उचलेल कोण. सुताराने पलंग खोलला आणि सगळे स्क्रू एका पिशवीत घालून पिशवी त्याच फळीला टेपने चिकटवली. फ्रीज आदल्या दिवशी रिकामा करून बंद ठेवायला सांगितलेलं, तो उभाच न्यायचा आणि पोचल्यावर काही तास चालू करायचा नाही. कपाटाला आधी पातळ प्लॅस्टिकचा थर, मग बबल, वरून ते नालीदार पुठ्ठ्याचं रोल, कोपऱ्यांना थर्माकोल, आणि टेपचा तो कर्रर्र आवाज, दुपारपर्यंत माझ्या कानात तोच. एकाने पाटा-वरवंट्यालाही बबल गुंडाळलं. आई म्हणाली अरे तो दगड आहे. तो म्हणाला, त्याच्यासाठी नाही मावशी, त्याच्यामुळे बाकीचं फुटू नये म्हणून.

मग माळ्यावरून खापर खाली आलं, पुरणाचे मांडे भाजायचं ते. सुपरवायझरला ते काय आहे कळेना, त्याने बोलत लिहिलं, मातीचं भांडं, तळ काळा, क्रॅक, ओनर्स रिस्क. म्हणजे फुटलं तर तुमचं तुम्ही. आणि मग तोच धाकटा पोरगा, जिन्यातला, हातातली टेप ठेवून जवळ आला. "मावशी, हाई खापर शे ना?" आईने चमकून पाहिलं. "तुले कसं माहीत?" "मन्ही माय करस ना मांडा." साक्रीकडचा निघाला. आई लगेच खुर्चीवरून उठली. त्याची माय पुरण कसलं घालते, पीठ किती वेळ तिंबते, चूल अजून आहे का, दहा मिनिटं त्याचं काम बंद आणि सुपरवायझर घड्याळाकडे बघतोय. त्याने सांगितलं की ते ट्रकमध्ये देऊ नका, मांडीवर न्या. ते आम्ही तसंच नेलं, माझ्या गाडीत, आई मागच्या सीटवर, मांडीवर गोधडीत खापर, पायाशी कैरीच्या लोणच्याची बरणी (तेलाचं काही ते लोक घेत नाहीत, सांडलं तर बाकीचा माल जातो) आणि शेजारी बिबड्यांचा आणि कुरडयांचा डबा. कुरडया आईने त्या पोराला कागदात बांधून दिल्या. तो घेईना. सुपरवायझर म्हणाला कस्टमरकडून काही घ्यायचं नाही असा नियम आहे. चहासुद्धा त्यांनी बाहेरूनच आणवला. आई ते पुडकं हातात धरून बराच वेळ दारात उभी होती, मी जाऊन घेतलं तिच्याकडून.

दोनला ट्रक निघाला, एकूण नग 71. अण्णांनी तिन्ही प्रतींवर तारीख-वेळ घालून सही केली, एक प्रत स्वतःच्या फाइलीत. आग्रा रोडला लागल्यावर आम्ही एकदा ट्रकच्या मागे होतो, एकदा पुढे, मालेगावच्या गर्दीत चुकलो, चांदवडच्या चढावर परत दिसला. आईने त्याला पाहून हात केला. ट्रकला.

नाशिकला पोचलो तर सोसायटीचा सेक्रेटरी खाली उभा. लिफ्टमधून खोकी चालतील, पलंग-कपाट-फ्रीज जिन्याने. ह्याच लिफ्टसाठी तर फ्लॅट घेतला होता. सुपरवायझरने कोटेशनवरचं ते कलम दाखवलं, मजल्यामागे जादा, आणि ते कलम अण्णांनी मला स्वतः वाचून दाखवलेलं असल्यामुळे बोलायला जागाच नव्हती. 1,500 वर तुटलं. ते पैसे अर्थात त्या पोरांना मिळणार नव्हते, मी विचारलंच होतं सुतार माणसाला, तो नुसता हसला. सकाळी आठपासून राबलेली पोरं, आता रात्रीचे साडेसात, आणि कपाट तिसऱ्या मजल्यावर.

बाकी ते तुम्हाला माहीतच आहे.

रात्री पुठ्ठे काढल्यावर पाहिलं. बापूंचा पोचा उजव्या दाराला खाली, होता तसाच. आणि त्याच्या वर वीतभर अंतरावर दुसरा, लहान, आंब्याच्या कोयीएवढा, कडेला रंग उडून आतला पत्रा चकचकीत दिसणारा. यादीत डी लिहिलेलंच होतं. डी किती आणि कुठे ते लिहायला रकानाच नाही, त्या एका अक्षरात आणखी चार पोचे मावले असते. फोटो काढून ठेवायला हवे होते हे मला तेव्हा सुचलं, म्हणजे सगळं आटोपल्यावर. तक्रार केली असती तर? कंपनीने डी दाखवलं असतं. आणि आतल्या आत त्या पोराचा दिवस कापला असता, निदान मला तसं वाटलं. की तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं, रात्री साडेसातला कुणाशी भांडायचा जीव नव्हता म्हणून? आणि तो अहिराणी बोलला नसता, छत्तीसगडचा नाहीतर बिहारचा असता, खापर ओळखलं नसतं, तर मी गप्प बसले असते का. ह्याचं उत्तर मला जे येतं ते आवडत नाही. त्याचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. जाताना तो सगळ्यांच्या मागे होता, चपला घालताना एकदा वळून आईला म्हणाला, "येस मावशी," म्हणजे येतो, आणि खाली गेला. आईने कुरडयांचं पुडकं पर्समधे आणलेलं होतं, ते तिला सापडेपर्यंत ट्रक गेटबाहेर.

अण्णांनी यादी फाइलीत लावली आहे, त्या कायद्याच्या प्रिंटच्या वर. 180 दिवस अजून बरेच बाकी आहेत.

परवा गुरुवारी मी वर गेले तर आई ओल्या फडक्याने कपाट पुसत होती. अण्णा गॅलरीत पेपर घेऊन. तिचा हात खालून वर येता येता मधेच थांबला, बोटाने तिने तो चकचकीत पत्रा चाचपला, परत खालचा चाचपला, परत वरचा.

"हाऊ कोठला व?"

"जुनाच शे," मी म्हणलं.

गॅलरीतून पेपर उलटल्याचा आवाज आला.

"जुना एकच व्हता," अण्णा म्हणाले.